पहाटेच्या माइकची परवानगी: माझा अनुभव

इंदुरात दिवाळी पहाट करायची तर गायक मिळतात, टेंटवाला मिळतो, पोहेवाला तर न बोलावताच हजर असतो. मिळत नाही ती माइकची परवानगी. यंदा आमच्या कॉलनीच्या बागेतल्या कार्यक्रमाची सगळी धावपळ माझ्याकडे होती. कार्यक्रम छान झाला, पण परवानगीच्या त्या सरकारी खिडकीची आठवण निघाली की अजून डोकं तापतं.

नरक चतुर्दशीला आमच्याकडची मंडळी अभ्यंगस्नान उरकून साडेपाचलाच खुर्च्या धरतात. भूपाळी त्याच वेळेची, सातला ऐकून काय करायची? आणि 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात की रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा नाही. बंद सभागृहात चालतो, बागेत नाही. हे मला पाठ होतं, म्हणून अर्जात स्वच्छ लिहिलं: कार्यक्रम 5.30 पासून, माइक 6 पासून. पहिला अर्धा तास तानपुरा, पेटी आणि मोकळा गळा, असं गायिकेशीही ठरलं होतं.

खिडकीवरच्या बाबूंनी 5.30 वर बोट ठेवलं. "मैडम, छह के पहले माइक नहीं चलेगा." मी पुढची ओळ दाखवली. "पर कार्यक्रम तो साढ़े पाँच का लिखा है ना." म्हटलं, भैया, कार्यक्रम वेगळा, माइक वेगळा. त्यांनी अर्ज पालथा करून पेपरवेटखाली सरकवला आणि चहाला गेले. परत आले ते शेजारच्या टेबलाशी बोलत बसले. मी तिथेच उभी.

पुढच्या खेपेला 5.30 चा विषयच निघाला नाही. आता नवीन: "थाने का अभिमत नहीं लगा." हे आधी का नाही सांगितलं? उत्तर नाही. पोलीस ठाण्यात म्हणाले, जागेचं पत्र दाखवा. बाग ज्यांच्या ताब्यात, ते म्हणाले, आधी माइकची परवानगी आणा, मग पत्र देतो. म्हणजे माइकला ठाणं हवं, ठाण्याला बाग हवी आणि बागेला माइक हवा! मंडळाचे अध्यक्ष काका म्हणाले, "अगं, कुणाची तरी ओळख काढू या." मला ओळख काढायची नव्हती. मी बागेच्या पत्राचा मसुदा स्वतःच टाइप करून नेला आणि त्यात एक ओळ घातली: 'ही संमती पोलीस अनुमतीच्या अधीन राहील.' सही लगेच झाली. कुणी अशा फेऱ्यात अडकलं असेल तर ही ओळ लक्षात ठेवा, अधीन राहून दिलेलं पत्र द्यायला कुणी घाबरत नाही.

तरी खिडकी संपली नव्हती. शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्या सभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र असू शकतं, म्हणून नकाशा मागितला. तो ठीक, हाताने काढलेला चालला. मग हमीपत्र: 'आवाज परिसराबाहेर जाणार नाही.' बागेला काय भिंती आहेत? मी तसं लिहून द्यायला नकार दिला. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागासाठी ठरलेल्या मर्यादेपेक्षा 10 जास्त किंवा 75, यांतलं जे कमी ते, असा नियम आहे. त्याचं पालन करू, एवढंच लिहिलं. डिसेंबर 2023 मध्ये मध्य प्रदेशच्या नव्या मुख्यमंत्र्यांनी पहिलाच आदेश लाउडस्पीकरवर काढला, तेव्हापासून या टेबलांवरची माणसं जरा जास्तच जपून असतात, असं माझं मत. जपा, पण काय काय लागतं ते एकदाच सांगा ना! हप्त्याहप्त्याने त्रुटी काढण्यात कसली सावधगिरी?

शेवटी फाइल साहेबांपुढे गेली. त्यांनी उभ्या उभ्याच वाचली, सही केली आणि बाबूंकडे बघून म्हणाले, "बिना माइक गाने की परमिशन कब से लगने लगी?" बाबू गप्प. मी मात्र जिना उतरेपर्यंत हसू दाबून होते.

बाकी फार काही नाही. देवउठनी म्हणजे कार्तिकी एकादशीनंतरच्या लग्नसराईत टेंटवाल्याने फोनही उचलला नसता, दिवाळीत तो मोकळा होता. खुर्च्या रात्रीच लावल्यात तर वर चादरी टाका, पहाटे दवाने बैठकी ओल्या होतात आणि नवे कपडे घालून आलेल्या काकू तुम्हालाच बोलतात. प्लास्टिकच्या ग्लास-ताटल्यांवर 1 जुलै 2022 पासून बंदी आहेच, आम्ही बर्तन बँकेतून, म्हणजे कार्यक्रमाला भांडी वापरायला देतात तिथून, स्टीलच्या आणल्या. जिरावनाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची बरणी मात्र दोन टेबलांवर वेगवेगळी ठेवा, नाहीतर पोह्यांची रांग तिथेच तुंबते.

हो, एक राहिलंच. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, त्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि परवानगीची झेरॉक्स साउंडवाल्याच्या खिशात हवी, मंडळाच्या फाइलमध्ये नव्हे. सहा वाजून गेल्यावर बीटचे शिपाई आले ते थेट मिक्सरपाशी गेले. त्याने कागद काढून दाखवला, ते वाचून पोहे खाऊन गेले.