तुम्ही विचारलंत म्हणून: विषाणू पेशी फोडूनच बाहेर येतो ना?

नाही हो. एचआयव्ही तरी फोडत नाही. लागण झालेली पेशी पुढे मरते हे खरं, पण ते मरण वेगळं आणि विषाणूचं बाहेर पडणं वेगळं. फुटणाऱ्या पेशीचं जे चित्र सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, ते जीवाणूंवर वाढणाऱ्या फाज या विषाणूंचं आहे. तो खरोखरच जीवाणूची भिंत विरघळवून बाहेर येतो.

एचआयव्हीचं काम शांतपणे चालतं. गॅग नावाच्या प्रथिनाचे दोनेक हजार रेणू पेशीपटलाला आतून चिकटत जातात आणि पटल फुगा धरल्यासारखं बाहेर येतं. इथवर विषाणूचं स्वतःचंच चालतं. अडतं ते शेवटच्या टप्प्यावर, फुगा पेशीला जोडून ठेवणाऱ्या मानेपाशी.

१९९१ साली गॅगच्या टोकाचा पी६ हा तुकडा बिघडवून पाहिला गेला. जेमतेम ५२ अमिनो आम्लांचा (प्रथिनाच्या माळेतल्या मण्यांचा) तुकडा, म्हणजे शेपटीच म्हणा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं ते असं: विषाणूचे गोळे तयार आहेत, पण प्रत्येक जण बारीक देठाने पेशीला लटकलेला. द्राक्षं पिकली आणि कात्री हरवली! हे चित्र एकदा नीट पाहिलं, की 'फोडून' हा शब्द पुन्हा तोंडात येऊ नये.

कात्री विषाणूकडे नसतेच, ती पेशीची. पी६मध्ये प्रोलिन-थ्रिओनिन-अ‍ॅलनिन-प्रोलिन अशी चार अमिनो आम्लं ओळीने येतात आणि ती पेशीच्या टीएसजी१०१ या प्रथिनाला धरतात. हे २००१मध्ये कळलं. पेशीतलं टीएसजी१०१ कमी केलं, की विषाणू तसाच देठाला लटकतो. टीएसजी१०१ हे एस्कॉर्ट या, पटलाची मान तोडणाऱ्या पेशीच्या यंत्रणेतलं; त्याच्या मागोमाग तिची बाकीची प्रथिनं येतात, मानेच्या आतल्या बाजूने धाग्यांची वेटोळी घालतात आणि मान आवळली जाते. व्हीपीएस४ हे पेशीचं प्रथिन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून ती वेटोळी उसवतं. त्याची एटीपी वापरण्याची क्षमता मारली, तरी सुटका अडते.

हीच यंत्रणा का, असं विचाराल तर कारण दिशेचं आहे. बाहेरून आत येणाऱ्या पुटिकेची, म्हणजे पटलाच्या छोट्या पिशवीची, मान पेशीद्रव्याच्या बाजूने, बाहेरून वेढा घालून तोडता येते. विषाणू पेशीद्रव्यापासून दूर जातो, त्यामुळे त्याची मान आतूनच आवळावी लागते. पेशीत हे काम करायला एस्कॉर्टच असते.

'विषाणू पेशीची यंत्रणा पळवतो' असं मीही सांगत आलोय. आता तो शब्द खटकतो. चार अक्षरांचा पत्ता दाखवून मदत मागणं, याला पळवणं कसं म्हणायचं? शिवाय सगळे विषाणू मागतही नाहीत. फ्लूचा विषाणू एम२ या आपल्याच प्रथिनाने मान तोडतो. मग पेशीच्या पृष्ठभागावरच्या सायलिक आम्ल या शर्करेला चिकटून बसतो आणि न्यूरामिनिडेज हे त्याचं विकर ते कापतं तेव्हा सुटतो. ओसेल्टामिविर हे औषध नेमकं तेच कापणं अडवतं.

मग एस्कॉर्टच बंद करा, हा तुमचा पुढचा प्रश्न. पूर्वी मीही तेच म्हटलं असतं. पण विभाजन होताना दोन पेशींमधला शेवटचा धागा हीच यंत्रणा तोडते. ती बंद केली तर विषाणूबरोबर पेशीही अडकणार. त्यापेक्षा पी६ आणि टीएसजी१०१ यांची गाठच पडू न देणं बरं वाटतं. पण टीएसजी१०१च्या ज्या खाचेत पी६ बसतो, ती पेशीही स्वतःच्या प्रथिनांसाठी वापरते, त्यामुळे तिथेही हात जपूनच घालावा लागतो.