एका डांगराचा तीनदा लिलाव

दिवाळी उरकून बाजरीची पोती घरात आली की आजीचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "पहिलं माप देवाचं, दुसरं उंदराचं, उरलं ते आपलं." उंदीर मध्येच कुठून आला ते तिनं कधी सांगितलं नाही. पण पहिलं माप खरंच बाजूला काढून, फडक्यात बांधून कणगीमागं ठेवलं जायचं. त्याला हात लावायचा नाही. ते हंगामाच्या सणाचं, म्हणजे पीक घरात आल्यावर देवाचे उपकार मानायला आमच्या चर्चमध्ये भरणाऱ्या सणाचं.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. आमच्याकडे चर्च म्हणजे इमारत आणि मंडळी म्हणजे माणसं. 'मंडळी कुठं भरलीय?' असं विचारलं तर उत्तर कोणाच्या तरी ओट्याचंही असू शकायचं. नगरला अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेचं काम 1831 साली सुरू झालं. तिथून ते हळूहळू खेड्यापाड्यांत पोचलं, तसं आमच्याही. नाताळ सगळ्या जगाचा, पण हंगामाचा सण आमच्या गावचाच, अशी माझी लहानपणी पक्की समजूत होती. पुढे वाचनात आलं की अशी उपासना 1843 साली इंग्लंडात, कॉर्नवॉलच्या हॉकर नावाच्या एका पाळकानं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूनं, सुरू केली. माझा थोडा हिरमोडच झाला. मग वाटलं, त्या हॉकरसाहेबाला आमच्या मास्तरांसारखा लिलाव पुकारता आला असता का? हिरमोड तेवढ्यावर संपला.

शनिवारी संध्याकाळी तरुण संघाची पोरं उसाच्या मोळ्या आणून वेदीच्या दोन्ही बाजूंना कमानी बांधत. सकाळपर्यंत कमान जरा बारीक झालेली असे. कोणी खाल्ला ते सगळ्यांना माहीत असे आणि कोणी विचारत नसे. रविवारी बायका टोपल्या घेऊन येत. बाजरी, तूर, मूग, भुईमुगाच्या शेंगा, दुध्या, मिरच्या, पाय बांधलेल्या कोंबड्या. एखाद्या वर्षी एखादं करडूही असे आणि ते नेमकं प्रार्थनेच्या वेळी ओरडे. पाळकसाहेब डोळे न उघडता म्हणत, "त्याचंही ऐक, प्रभू."

मुलांचं पाठांतर उपासनेतच असे. मी चौथीत असताना मला बायबलातलं पासष्टावं स्तोत्र दिलं होतं, पावसाचं आणि पिकाचं. घरी गोठ्यातल्या म्हशीपुढं उभं राहून मी ते घडाघडा म्हणायचो. उसाच्या कमानीत उभा राहिलो आणि वर्षाला देव काय घालतो, तिथं अडलो. टोपी? हार? पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायकांनी ओठ हलवले. मला वाचता येईना. मग त्यांतल्या एकीनं पदर सावरायच्या निमित्तानं डोक्याभोवती बोट फिरवलं. मुकुट! मी ओरडलोच. पुढच्या दोन ओळी अख्ख्या बाकानं माझ्याबरोबर पुटपुटत पार पाडल्या, आणि खाली आल्यावर "काय खणखणीत म्हटलं पोरानं" असं त्याच बायका एकमेकींना सांगत होत्या. त्यांना सगळ्या ओळी पाठ होत्या आणि त्यांतल्या निम्म्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

उपासना संपली की आवारातल्या कडुलिंबाखाली लिलाव. पुकारायचा मान मास्तरांचा. शाळेत हा माणूस कधी हसला नाही आणि लिलावात त्यानं कधी खरं बोललं नाही. "ही कोंबडी रोज एक अंडं देते, शनिवारी दोन देते, कारण रविवारी ती विसावा घेते. बोला!" बाजारात चार रुपयांना मिळणारी शेंगांची पायली तिथं वीसला जाई. एक वार, दोन वार झालं की मास्तर इतके रेंगाळत की समोरच्याला लाज वाटून तो दोन रुपये वाढवी.

आता हे सगळं प्रेमानंच चालायचं असं म्हणणं खोटं होईल. गावात दोन आळ्या होत्या आणि उसाच्या मोळीवरून त्यांची अशी चढाओढ लागे की एकदा तर मोळीच्या किमतीत अर्ध्या गुंठ्याचा ऊस आला असता. बोली लावून पैसे न देणारेही होते. पंचांची वही जानेवारीत निघे आणि 'येणे बाकी' म्हणून नावं मोठ्यानं वाचली जात. पुढच्या रविवारी ती माणसं हमखास मागच्या बाकावर बसत.

पण डांगराची गोष्ट वेगळी. शेवटच्या घरात एक आक्का राहायची. जमीन नाही, नवरा नाही, दोन पोरी. छपरावर डांगराचा वेल. दरवर्षी तिचं एकच डांगर यायचं. मास्तर ते दोन्ही हातांनी उचलायचे आणि त्या एका वस्तूबद्दल थट्टा करायचे नाहीत. कोणीतरी पंधराला घ्यायचं आणि लगेच म्हणायचं, "परत मांडा." दुसरा अठराला घ्यायचा. "परत मांडा." तिसरा घेऊन जायचा आणि जाताजाता आक्काच्याच ओट्यावर ठेवायचा, "वयनी, आमच्याकडं कोण खातंय, तुम्हीच करा काहीतरी." सोमवारी शाळा सुटली की आम्हा सगळ्या पोरांना आक्काकडं डांगराच्या घाऱ्या. तिचं डांगर सगळ्यांत जास्त पैसे आणायचं आणि शेवटी खायला घालणारी तीच असायची. मंडळीनं तिला काही दिलंय असं कधी दिसलं नाही.

एका वर्षी आमच्याकडंही काही नव्हतं. वडील विहिरीच्या कामावर पडले, पाय मोडला, ते नगरच्या दवाखान्यात होते. मंडळीतले दोघं-दोघं पाळीपाळीनं रात्री त्यांच्यापाशी झोपायला जात. घरी रोज कोणाच्या ना कोणाच्या चुलीवरच्या भाकरी येत, आणि फडकं मात्र धुऊन परत करायचं असतं हे मला आजीनं तेव्हा शिकवलं. त्या सणाला कणगीमागं फडकं नव्हतं. आजीनं माझ्या हातात तीन अंडी दिली. मी ती खिशात लपवून नेली, दुध्याच्या आड ठेवली. मास्तरांनी बरोबर शोधली. तीन अंडी एकसष्ट रुपयांना गेली. मी तेव्हा नववीत होतो. मला वाटलं, मोठी माणसं खुळी असतात.

वीसेक वर्षांनी मला मंडळीचा हिशेब तपासायला बसवलं. जुन्या वह्या काढल्या. लिलावाच्या पैशातला चौथा हिस्सा वेगळ्या पानावर असायचा आणि त्या पानावर नावं नसायची, फक्त 'मदत'. मदत, बियाणे. मदत, दवाखाना. मदत, बाळंतपण. मी माझं वर्ष शोधलं. 'मदत, वह्या-पुस्तके व फी, 140.' तारीख आमच्या सणानंतरच्या मंगळवारची. त्या बुधवारी मास्तरांनी मला शाळेत थांबवून वह्यांचा गठ्ठा दिला होता आणि म्हणाले होते, "शाळेत जादा आल्यात, घेऊन जा." लिलावाबाहेरही ते थापा मारायचे तर.

सणाच्या दुपारी जेवणं झाली की न विकलेलं, विकलेलं, सगळं घरोघर पोचवायचं असे. एका वर्षी पाळकसाहेबांनी बायबलातल्या गलतीकरांस पत्रातल्या 'एकमेकांची ओझी वाहा' या वचनावर पाऊण तास उपदेश केला. दुपारी ते झाडाखाली खुर्चीवर टेकले होते. आमचे नाना बाजरीचं पोतं ओढत आले आणि म्हणाले, "साहेब, सकाळचं वचन धरा त्या टोकाला." साहेबांनी झगा काढून ठेवला आणि खरंच धरलं.

रात्री कीर्तन. पेटी, तबला, टाळ, उपरणं खांद्यावर टाकलेले बुवा, आणि आख्यान बायबलातल्या रूथचं. सासूबरोबर परक्या गावी येऊन सरवा, म्हणजे कापणीत मागं पडलेली कणसं, वेचणारी सून. आमच्या बायका स्वतः दुसऱ्यांच्या रानात सरवा वेचून आलेल्या. शेताचा मालक बवाज मुद्दाम तिच्यासाठी पेंढ्यांतली कणसं पाडायला सांगतो तिथं त्या माना डोलवायच्या, जणू बवाज त्यांच्या ओळखीतला. कृष्णराव सांगळ्यांपासून नगरकडं ही ख्रिस्ती कीर्तनं चालत आलेली. राहुरीत राहिलेल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं तर आजीला जात्यावरच्या ओव्यांइतकी घरची. टिळक 1919 साली वारले. आजी मात्र त्यांच्याबद्दल 'टिळक म्हणतात' असंच बोलायची. गावातली माळकरी माणसंही मागं येऊन बसत. टाळ कमी पडले की त्यांचेच आणले जात.

1972 च्या दुष्काळातला सण मी पाहिलेला नाही, आजीकडून ऐकलाय. हंगामच नव्हता. पंचांनी विचारलं, यंदा सण करायचा का? एक म्हातारा म्हणाला, "पीक नाही, पण आपण आहोत ना? मग भरवा." बायकांनी रेशनची लाल मिलो ज्वारी वाटीवाटीनं आणली. कोणी कडब्याची एक पेंढी आणली. एकानं दुष्काळी कामावरची खडी फोडायची हातोडी वेदीपुढं ठेवली, कारण त्या वर्षी त्याच्या घरात तीच पिकली होती. तिचा लिलाव झाला नाही. उपासना संपल्यावर त्यानं ती उचलून नेली, सोमवारी कामावर लागणार होती. आजी हे सांगताना हातोडीची लांबी दरवेळी वाढायची.

आता बऱ्याच ठिकाणी टोपल्यांऐवजी पाकिटं आली. हिशेबाला सोपी, मला बेचव वाटतात. आमच्या गावी अजून लिलाव होतो. गेल्या वर्षी पुण्याहून मुद्दाम गेलो. कडुलिंबाला क्यूआर कोड चिकटवला होता आणि मास्तरांचा नातू पुकारत होता. थापा आजोबांच्या तोडीच्या नाहीत, पण शिकेल. आक्का आता नाही. तिच्या धाकट्या पोरीनं त्याच छपरावरचं डांगर आणलं होतं. मी सातशेला घेतलं. घेतलं आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, "परत मांडा."

रात्री उशिरा घरी पोचलो. बायकोनं मोबाईल पुढं केला, "हे सातशे कशाचे?"

"डांगराचे."

तिनं माझ्या पिशवीत बघितलं, "आणि डांगर?"