आमची वाटचाल: चिंचोक्याच्या डिंकावर उभा राहिलेला कारखाना

बार्शीच्या बाजारात चिंच येते, चिंच विकली जाते आणि चिंचोके मागे राहतात. वडिलांनी त्या चिंचोक्यांची पूड करायला घेतली ती सोलापूर-इचलकरंजीच्या मागांसाठी, सुताला खळ चढवायला. पुढे तयार रासायनिक खळ आली आणि ते गिऱ्हाईक तुटत गेलं.

2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, मखरवाले पर्याय शोधू लागले आणि आम्ही उसाच्या बगॅसचे, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्याचे, बोर्ड करायला घेतले. सगळ्यांनी सांगितलं, चिकटवायला युरिया फॉर्मल्डिहाइड हा रासायनिक डिंक टाका, काम सोपं होईल. ज्या फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच माणसाला कॅन्सर करणारं ठरवलं, ते देवघरात पोचवायचं नाही, हे आमचं ठरलं होतं. सावंतवाडीच्या गंजिफांचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचं, कापड पूर्वी चिंचोक्याच्या खळीनेच कडक केलं जायचं. कापड असो की बगॅस, धागा तोच आणि डिंकही तोच.

चिंचोका नीट भाजला तरच टरफल सुटतं. टरफलातलं टॅनिन हे तुरट द्रव्य पुडीत उतरलं की रंग लालसर येतो आणि चिकटपणा घटतो. म्हणून भट्टीवर आजही घरचाच माणूस असतो. शिजवलेली खळ बगॅसमध्ये ओतली तर पाणी फार जातं आणि प्रेस, म्हणजे बोर्ड दाबायचं गरम यंत्र, उघडताना अडकलेली वाफ बोर्ड फोडते. आम्ही ओलसर बगॅसवर कोरडी पूड आणि थोडं सायट्रिक ॲसिड भुरभुरतो. पूड फुगते ती प्रेसच्या उष्णतेत. आमची प्रेस जुनी आहे, पण तिच्या प्लेटा आरशासारख्या ठेवल्यात.

मग आमचाच ऑपरेटर फोडून एकाने शेजारच्या तालुक्यात कारखाना टाकला. लेबलवर ‘नैसर्गिक डिंकाचा बोर्ड’, आत युरिया फॉर्मल्डिहाइड, आणि दर आमच्यापेक्षा कमी. डीलर एकेक करून गेले. "लेबल तर दोघांचंही सारखंच," हे एका डीलरचं वाक्य अजून कानात आहे. हप्ते थकले, प्रेस विकायला काढली.

तेव्हा उभे राहिले लालबागचे मखरवाले काका. त्यांनी बंद खोलीत त्या शेजारच्या कारखान्याचा बोर्ड करवतीने कापला. वासाने डोळे चुरचुरले. तोच तुकडा त्यांनी एसटीच्या पार्सलने आम्हाला पाठवला आणि पाठोपाठ पुढच्या गणपतीच्या मालाचे पैसे आगाऊ दिले. आम्ही तो तुकडा घेऊन डीलरांची दारं पुन्हा ठोठावली, प्रत्येकासमोर दोन्ही बोर्ड कापून दाखवले. बरेच परत आले. चुकलो म्हणायला मात्र एकही तयार नव्हता.

आता या धंद्यात उतरणाऱ्यांना सांगतो. आपला बोर्ड घरात, सावलीत लावण्यासाठी आहे. पावसात तो फुगणारच, आणि हे गिऱ्हाइकाला आधी सांगा, बिल नंतर करा. डीलरला तीन महिन्यांची उधारी देऊ नका. चिंचोका पूड विकत घेताना गोरा रंग बघून भुलू नका. चमचाभर कच्ची पूड थंड पाण्यात कालवा आणि उकळायला ठेवा. खरा चिंचोका उकळल्यावरच पुरता दाटतो. थंड पाण्यातच घट्ट झाली तर त्यात ग्वारसारखा दुसरा डिंक मिसळला आहे. असा माल तिथेच परत करा, मग दर कितीही उतरवून देऊ करोत.