भुसावळमध्ये पियानोचा वर्ग उभारताना

शाळेतील संगीतशिक्षिकेची नोकरी सोडून भुसावळमध्ये स्वतःचा पियानो वर्ग सुरू करण्याचे मी ठरवले, तेव्हा विद्यार्थी मिळतील का, हीच शंका बहुतेकांनी बोलून दाखवली. विद्यार्थी मिळाले, रेल्वे वसाहतीतून मिळाले तसेच सावदा, फैजपूर आणि वरणगावहूनही येऊ लागले. खरा कस लागला तो बारा महिने शिकवण्यात खंड पडू नये आणि उत्पन्नही सारखे राहावे, अशी घडी बसवताना.

महिन्यात जितक्या तासिका झाल्या तितकीच फी, ही पद्धत आपल्याकडे रूढ आहे. परंतु आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुले मामाच्या गावी जातात, श्रावणात कानबाई या खानदेशी देवीच्या रोटांच्या सणासाठी घरे पाहुण्यांनी भरतात आणि दिवाळी व शाळेच्या परीक्षा यांत आणखी काही आठवडे जातात. या हिशेबाने शिक्षकाचे निम्मे वर्ष अनिश्चिततेत जाते. म्हणून मी वर्षाच्या ५२ आठवड्यांतून हे सगळे दिवस आधीच वजा केले, ४० तासिकांचे वेळापत्रक जूनमध्येच पालकांच्या हाती दिले आणि वर्षाची फी १२ समान हप्त्यांत विभागली. ज्या शेतकरी कुटुंबांकडे केळीचा माल निघाल्यावरच पैसा येतो, त्यांना तिमाही भरण्याची मुभा ठेवली. माझ्यामुळे तासिका बुडाली तर ती भरून दिली जाते आणि विद्यार्थी गैरहजर राहिला तर त्याने रविवारच्या सामूहिक वर्गाला यावे, असा लेखी नियम आहे. विद्यार्थ्याची वेळ वर्षभर त्याच्यासाठीच राखलेली असते व ती दुसऱ्याला देता येत नाही, हे प्रवेशाच्या वेळीच शांतपणे सांगितले, तर पालक ते मान्य करतात, असा माझा अनुभव आहे.

नोंदणीचे काम सोपे होते. लहान व्यवसायांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी ऑनलाइन व विनाशुल्क होते, आणि सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही.

वाद्य सांभाळणे मात्र खानदेशात फार जिकिरीचे आहे. पियानोत सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण १५ टनांहून अधिक भरतो. हा ताण पेलणाऱ्या चौकटीशेजारी तारांचा आवाज मोठा करणारा लाकडाचा जो ध्वनिफलक असतो, तो ओलाव्याने फुगतो व कोरड्या हवेत आकसतो, आणि त्यासोबत सूर चढतो किंवा उतरतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हवा अतिशय कोरडी असते आणि घरोघरी कूलर ओली हवा फेकत असतो. दुपारी ओलावा आणि रात्री पुन्हा कोरडेपणा, हा रोजचा हेलकावा पियानोला सर्वांत घातक. त्यामुळे वर्गाच्या खोलीत कूलर न लावता एसी बसवला, आर्द्रतामापक ठेवला आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखण्याचा प्रयत्न करते. सूर लावणारे कारागीर पुण्याहून वर्षातून दोनदा बोलवावे लागतात. हा खर्च मी फीमध्येच धरला आहे. शेजारी ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानोही ठेवला आहे आणि वीज गेल्यास तो इन्व्हर्टरवर चालतो.

येथील अनेक मुले आधी हार्मोनियम शिकलेली असतात. त्यांचा कान तयार असतो, उजवा हात चपळ असतो, पण डावा हात भाता हलवण्यात गुंतलेला राहिल्याने त्याची बोटे स्वतंत्रपणे चालत नाहीत. शिवाय पियानोत पट्टी किती वेगाने दाबली यावर आवाजाचा लहानमोठेपणा ठरतो. हार्मोनियमवर तो भात्याच्या हवेवर अवलंबून असतो. म्हणून अशा विद्यार्थ्यांना सुरुवातीचे काही आठवडे मी डाव्या हाताचेच पाठ देते, आणि घरी सरावासाठी हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड घेण्याऐवजी वजनदार पट्ट्यांचे वाद्य थोडे उशिरा घ्या, असे पालकांना आग्रहाने सांगते.

गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका-विशारद परीक्षा पालकांच्या परिचयाच्या असल्याने परदेशी मंडळांच्या श्रेणी समजावणे अवघड गेले नाही. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या सादरीकरण श्रेणीत चार रचना सलग वाजवून त्यांचे चित्रीकरण पाठवायचे असते, त्यामुळे मुलांना परीक्षेसाठी मुंबईला न्यावे लागत नाही. सहावी ते आठवी श्रेणी देण्यापूर्वी पाचव्या श्रेणीची सिद्धान्त परीक्षा किंवा तिचा मान्य पर्याय पूर्ण करावा लागतो. ही अट पालकांना फार आधी सांगावी, कारण स्वरलेखन वाचण्याची सवय घाईने लागत नाही.

शाळेची मुले दुपारी चारनंतरच येऊ शकतात, म्हणून सकाळच्या वेळा मी निवृत्त रेल्वे कर्मचारी आणि गृहिणी यांच्यासाठी खुल्या केल्या. त्यांच्यापैकी काही जण आता रविवारच्या सिद्धान्त वर्गात शाळकरी मुलांसोबत बसतात, आणि गृहपाठ पूर्ण करून आणण्यात तेच सर्वांत नियमित आहेत.