शरदातले स्नोड्रॉप : यंदाच्या हंगामाची नोंद

रेजिनी-ओल्गी या शरदात फुलणाऱ्या स्नोड्रॉपचा (कंदातून येणारं छोटं, पांढरं, खाली झुकलेलं फूल) मोठा झुबका यंदा ऑक्टोबरच्या मध्याला उघडला आणि गेल्या वर्षीपेक्षा दांडे बरेच जास्त आलेत, म्हणून हंगाम चालू आहे तोवरच सगळं लिहून ठेवतेय. ज्यांच्याकडे फक्त निव्हॅलिस आहे, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणारा नेहमीचा स्नोड्रॉप, त्यांना आधी हे सांगते की दोघांचं फूल लांबून सारखं दिसलं तरी मागण्या फार वेगळ्या आहेत. निव्हॅलिसला झाडाखालची सावली, पालापाचोळ्याचं खत आणि उन्हाळ्यातही थोडी ओल लागते. शरदातल्या जातींना उन्हाळा चक्क कोरडा आणि उबदार हवा. माझं तर आता पक्कं मत झालंय की ऑक्टोबरचं फूल जून-जुलैमध्ये, म्हणजे थंड देशांतल्या उन्हाळ्यातच, ठरतं, ऑक्टोबरमध्ये आपण काहीही केलं तरी त्यात फारसा फरक पडत नाही.

कारण त्यांच्या मूळ गावात आहे. गॅलँथस (हे स्नोड्रॉपच्या वंशाचं शास्त्रीय नाव) रेजिनी-ओल्गी हा ग्रीसचा, ऑर्फनिडीस या ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७६ मध्ये पेलोपोनीजच्या तायगेटॉस डोंगरातल्या कंदांवरून त्याचं वर्णन केलं आणि ग्रीसच्या ओल्गा राणीचं नाव दिलं. कॉर्फू बेटावर आणि सिसिलीतही तो सापडतो. तिकडे उन्हाळाभर पाऊस जवळजवळ नसतोच, कंद जमिनीत गुपचूप पडून असतो, पण आत पुढच्या फुलाची तयारी चालू असते, मग रात्री गार व्हायला लागल्या आणि पहिला पाऊस पडला की तो जागा होतो आणि पानांची वाट न बघता थेट फूलच काढतो. म्हणून फुलताना दांड्याखाली पान दिसत नाही, दिसलंच तर इवलंसं टोक. पानं नंतर वाढतात आणि हिवाळाभर टिकतात.

आता जागेबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. जंगलात तो दऱ्यांमध्ये, ओढ्याकाठी, चिनार जातीच्या झाडांच्या सावलीत वाढतो असं वाचून बरेच जण त्याला बागेतल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात लावतात. पण तिकडची सावली आणि थंड, ढगाळ हवेतली सावली यात केवढा फरक आहे, तिकडे झाडाखालीसुद्धा माती उन्हाळ्यात तापते. म्हणून थंड हवेत त्याला ऊनच द्यायचं. माझा एक झुबका दक्षिणेकडच्या भिंतीच्या पायाशी आहे आणि त्याच कंदांपासून वेगळा केलेला दुसरा पानगळी झुडपाखाली. भिंतीजवळचा दरवर्षी आधी फुलतो आणि भरून फुलतो, झुडपाखालचा जिवंत आहे, पानंही छान आहेत, पण फुलं मोजकीच. माती दोन्हीकडे एकच आहे, खडी मिसळलेली, थोडी चुनखडीची, पाणी न थांबणारी. फरक फक्त उन्हाळ्यातल्या उबेचा, एवढी साधी तुलना डोळ्यासमोर असल्यावर मला तरी शंका राहिली नाही.

पण उन्हाची एक अडचण आहे आणि ती कमी लेखू नका. नार्सिसस माशीलाही तीच जागा आवडते! वसंताच्या शेवटी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला ही माशी उबदार, उन्हाच्या जागी घिरट्या घालते आणि सुकत आलेल्या पानांच्या बुडाशी अंडी घालते, अळी कंदात शिरून आतून पोखरते आणि वरून काही कळत नाही, शरदात कोंब आला नाही की मग उकरून बघायचं. भिंतीजवळच्या झुबक्यावर मी पानं पिवळी पडायला लागली की बारीक जाळी टाकते आणि पानं वाळून गेली की त्यांच्या जागी मातीत राहिलेली भोकं बोटाने दाबून बुजवते. जाळी दिसायला वाईट दिसते, मान्य, पण त्या दिवसांत तिथे बघण्यासारखं काही नसतंच.

कुंड्यांचं यंदा असं चाललंय. ऑगस्टमध्ये कंद बाहेर काढून नव्या मिश्रणात लावले, निम्म्याच्या आसपास खडी आणि जाड वाळू, बाकी बागेची माती आणि चाळलेलं पालापाचोळ्याचं खत. कंद हातात घेऊन दाबून बघायचा, टणक असला की ठीक, मऊ लागला की बाजूला ठेवायचा आणि त्याची जुनी माती इतर कुंड्यांत जाऊ द्यायची नाही. ऑगस्टच्या शेवटी एकदा भरपूर पाणी, अगदी खालून वाहेपर्यंत, मग माती वरून सुकेपर्यंत थांबायचं. हे पहिलं पाणी म्हणजे त्यांच्यासाठी पाऊस. ज्या कुंड्यांना ते मुद्दाम उशिरा दिलं त्या उशिरा जाग्या झाल्या, त्यामुळे फुलांचा काळ थोडा लांबवता येतोय असं दिसतंय, पुढच्या वर्षी हे नीट करून बघणार.

पेशमेनी ही शरदातली दुसरी जात माझ्याकडे फक्त कुंडीत आहे. ही जात नैऋत्य तुर्कस्तानातली आणि शेजारच्या कास्तेलोरिझो या ग्रीक बेटावरची, १९९४ मध्ये डेव्हिस आणि ब्रिकेल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वेगळी म्हणून नोंदवली, त्याआधी तिची गणना रेजिनी-ओल्गीतच व्हायची. समुद्रापासून फार उंचावर नसलेल्या चुनखडीच्या खडकांत वाढणारी आहे, त्यामुळे कडक गोठण तिला कितपत झेपेल याची मला धास्ती वाटते आणि मी तिला काचेखाली ठेवते. फुलावरून या दोघी ओळखायला कठीण आहेत, आतल्या पाकळ्यांच्या टोकाला तसाच हिरवा ठिपका असतो. पानं वाढू द्या आणि मग बघा, रेजिनी-ओल्गीच्या गडद हिरव्या पानावर मधोमध चंदेरी पट्टा स्पष्ट उमटतो, पेशमेनीत तो इतका ठसठशीत नसतो. म्हणून विकत आणलेल्या कंदाच्या नावाबद्दल शंका असेल तर फुलाचा नाही, हिवाळ्यातल्या पानाचा फोटो काढून ठेवा.

एल्वेसी या तिसऱ्या जातीचा 'बार्न्स' हा वाण पण उघडलाय. हा रुंद, निळसर करड्या पानांचा, फुलताना पानं बरोबर असतात आणि बुडाशी एक पान दुसऱ्याला गुंडाळलेलं असतं. ज्यांना पहिल्यांदाच शरदातला स्नोड्रॉप लावायचाय त्यांना मी हाच सांगते, बागेच्या साध्या जमिनीत जास्त निमूटपणे राहतो. माझा जीव मात्र रेजिनी-ओल्गीवर, ते बिनपानाचं फूल कोरड्या मातीतून वर आलेलं बघितलं की दुसरं काही नको वाटतं.

गोगलगायींनी यंदा त्रास दिलाच. हिवाळ्यात त्या सुस्त असतात पण ऑक्टोबरात नाही, एका रात्रीत कळीची बाहेरची पाकळी कुरतडतात, म्हणून अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वेचणं हाच उपाय, मी दुसरं काही वापरत नाही. कुंड्यांवर खडीचा थर आहे त्याने फुलावर चिखल उडत नाही एवढं नक्की, गोगलगायी थांबत नाहीत.

बियांचं काम पण हाती घेतलंय. ऊन पडून हवा जरा उबदार झाली की बाहेरच्या तीन पाकळ्या फाकतात, तेव्हाच मऊ ब्रशने पराग या फुलावरून त्या फुलावर नेते, दोन वेगळ्या कंदांमध्ये, एकाच झुबक्यातल्या सख्ख्या तुकड्यांमध्ये नाही. गार, ढगाळ दिवसांत पाकळ्या मिटलेल्याच राहतात आणि मधमाश्याही फिरकत नाहीत, त्यामुळे हाताने केल्याशिवाय बी धरेल याची खात्री नसते. बोंडं वसंतात पिकून जमिनीवर टेकतात, बियांना एक पांढरट मांसल शेपूट असतं ते मुंग्यांना आवडतं आणि त्या बी उचलून नेतात, म्हणून बोंड पिवळं पडताच तोडायचं आणि बी ताजं असतानाच पेरायचं. फुलायला तीन-चार वर्षं तरी जातात. घाई असलेल्यांसाठी कंदाचे उभे काप करून वाढवण्याची पद्धत आहेच, पण बियांतून येणारी थोडी थोडी वेगळी फुलं मला हवी आहेत.

नवीन कंद घेणाऱ्यांनी एवढं बघाच की ते नर्सरीत वाढवलेले आहेत का. सगळा गॅलँथस वंश १९९० पासून साइटीसच्या, म्हणजे वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, जंगलातून खोदून काढलेल्या कंदांचा व्यापार खूप झाला म्हणूनच. आणि अजून नव्या जाती सापडतायत, तुर्कस्तानात बुर्साजवळचा गॅलँथस बुर्सानस तर फेसबुकवरच्या फोटोवरून लक्षात आला आणि २०१९ मध्ये त्याची नोंद झाली, तोही शरदातच फुलतो. अशा छोट्याशा टापूतल्या जातीचे कंद कुणी स्वस्तात देऊ केले तर घेऊ नका, कळकळीने सांगते.

आता पुढचं काम पानांचं. फूल गेलं की बरेच जण कुंडी विसरतात, पण कंद भरतो तो याच पानांवर, त्यामुळे हिवाळाभर माती पूर्ण कोरडी पडू देणार नाही आणि पानं जोमात असताना टोमॅटोला देतात तसं पोटॅश जास्त असलेलं पातळ खत अधूनमधून देणार. भिंतीजवळचा झुबका आता इतका दाटलाय की कंद एकमेकांवर चढलेत, तो पानं वाळल्यावर उन्हाळ्यात काढून वेगळा करेन, आणि त्यातले काही कंद झुडपाखालच्या जागेऐवजी खडीच्या उंच वाफ्यात जातील. पेशमेनीचा एखादा जादा कंद झाला तर तोही त्याच वाफ्यात उघड्यावर ठेवायचा विचार आहे. कुणी तो काचेबाहेर कडक गोठणीतून पार नेला असेल तर जानेवारीत पानं कशी होती आणि पुढच्या शरदात फूल आलं का, हे दोन्ही जरूर कळवा.