पिठ्या ढेकूण, कडुनिंबाचं तेल आणि टँकरचं पाणी

‘जास्वंदीवर कडुनिंबाचं तेल मारलं, पिठ्या ढेकूण काही गेला नाही, वर पानंच जळाली.’ अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी तेलाबद्दल विचारतच नाही. पाणी कुठलं घेतलं होतं, एवढंच विचारते. उत्तर बहुतेक वेळा बोअरचं नाहीतर टँकरचं असतं. आमच्याकडे पुण्यात उन्हाळा तापायला लागला की सोसायटीत टँकर सुरू होतात आणि कोरड्या उष्ण हवेत पिठ्यालाही (झाडाचा रस शोषणारा, कापसासारखा पांढरा किडा, म्हणजे मिलीबग) तेव्हाच जोर चढतो. म्हणजे औषध सगळ्यात जास्त लागतं त्याच दिवसांत पाणी सगळ्यात वाईट मिळतं. तरी बाटलीवर ‘५ मिलि प्रति लिटर पाणी’ एवढंच छापलेलं! कसलं पाणी, तेल त्यात मिसळायचं कसं, यावर अवाक्षर नाही. या एका ओळीवर माझा अजून राग आहे.

तेल पाण्यात मिसळत नाही म्हणून ‘थोडा साबण टाका’ असं जो तो सांगतो. पण खरा साबण जड, म्हणजे बोअर-टँकरच्या क्षारवाल्या पाण्यात गेला की त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्याचा चोथा होतो आणि नासलेल्या दुधासारखे कण तरंगायला लागतात. साबण असा वाया गेला की तेलाला धरून ठेवायला काही उरत नाही. चोथा नोझलमध्ये अडकतो, तेल वर येतं. पुढची गंमत पंपाची आहे. फवारणीच्या हातपंपाची नळी बाटलीच्या तळाशी असते. त्यामुळे सुरुवातीला फवारा मारतो त्या कुंड्यांना जवळपास नुसतं पाणी मिळतं आणि बाटली संपत आली की शेवटच्या कुंडीवर निव्वळ तेल बसतं. पहिल्या कुंडीतला पिठ्या मजेत आणि शेवटच्या कुंडीची पानं करपलेली, असं एकाच बाल्कनीत दिसलं तर औषध ‘लागू पडलं नाही’ म्हणून प्रमाण दुप्पट करू नका. घोळ मिश्रणात आहे.

पाणी तपासायला यंत्र लागत नाही. स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा किसलेला चिमूटभर चुरा टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी नितळ राहिलं तर पाणी चालेल. फेस नावापुरता आणि पाणी गढूळ झालं तर ते जड. ही परीक्षा भांड्यांच्या लिक्विडने करू नका, ते जड पाण्यातही फेसाळतं आणि फसवतं. फवारणीला आरओचं पाणी, साठवलेलं पावसाचं पाणी किंवा एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी उत्तम. आरओच्या बाहेर टाकायच्या नळीचं मात्र घेऊ नका, ते मूळ पाण्यापेक्षाही जड असतं.

आता मिसळण्याचा क्रम. एक लिटरसाठी ५ मिलि तेल आणि २ मिलि पोटॅश साबण (कृषी सेवा केंद्रात किंवा बागकामाच्या दुकानात द्रवरूप मिळतो) आधी वाटीत एकत्र घोटायचे. तेल थेट पाण्यात ओतून वरून साबण टाकला तर ते नीट फुटत नाही. घोटून पिवळट मलईसारखं झालं की कोमट पाणी चमचा-चमचा घालत पन्नासेक मिलि करायचं, मग उरलेल्या पाण्यात ओतायचं. द्रावण एकसारखं दुधाळ दिसायला हवं. पंधरा मिनिटं तसंच ठेवा. वर तेलाचं कडं दिसलं तर ते झाडावर मारायचं नाही, पुन्हा घोटायचं. मापाला सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज घ्या. घरातले चमचे मोठे-लहान असतात.

चांगलं पाणी मिळण्यासारखं नसेल तर रिठा वापरा. पाच-सहा रिठ्यांची बिया काढलेली टरफलं पेलाभर पाण्यात रात्रभर भिजवून, उकळून, कापडातून गाळून घ्यायची. त्यातलं पंचवीसेक मिलि पाणी साबणाऐवजी तेलात घोटायचं. रिठ्याचा फेस जड पाण्याला घाबरत नाही. पंधरा मिनिटांची परीक्षा इथेही हवीच, कारण रिठा कमी-जास्त कसाचा असतो.

आणि हो, हे सगळं कच्च्या, घाण्याच्या तेलासाठी. लेबलवर ‘अझाडिरॅक्टिन’ (कडुनिंबातलं कीड मारणारं मूळ द्रव्य) आणि ‘ईसी’ (पाण्यात मिसळेल असं तयार केलेलं औषध) असं असेल तर त्यात पाण्याशी मिसळवणारा पदार्थ आधीच असतो. ते पाण्यात टाकताच पांढरं होतं, वेगळा साबण नको. तिथे पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत त्या द्रव्याचे किती भाग, ते बघा. ३०० पीपीएम आणि १०,००० पीपीएम या बाटल्या दिसायला सारख्याच, पण दुसरीत मूळ द्रव्य तेहेतीसपट. डोळे मिटून दोन्हींचे ५ मिलि घ्यायचे नसतात, त्या-त्या बाटलीवरचं माप पाळायचं. पीपीएम किंवा टक्केवारी काहीच छापलं नसेल तर ती बाटली मी घेत नाही. थंडीत कच्चं तेल गोठतं. ते खराब झालेलं नसतं, बाटली कोमट पाण्यात ठेवायची.

फवारणी संध्याकाळी. उन्हात तेल पानं भाजतं आणि अझाडिरॅक्टिनही उन्हात लवकर निकामी होतं. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवायचं, मारताना मधूनमधून बाटली हलवायची. पानाची मागची बाजू आणि देठाचे बेचके आधी, वरची बाजू नंतर. सात दिवसांनी पुन्हा, असं तीन-चार वेळा. एका फवारणीत पिठ्या संपत नाही, कारण मादीच्या कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी असतात आणि त्या मेणचट कापसातून द्रावण आत शिरत नाही. बाहेर पडलेल्या, अंगावर अजून मेण न चढलेल्या पिल्लांना गाठायचं असतं.

फवारणीच्या आधी जास्वंदीचे मुरडलेले, गुच्छ झालेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकायचे, कंपोस्टमध्ये नाही. मग पाण्याचा जोरदार फवारा द्यायचा. इनमीन चार-पाच किडे असतील तर औषधाच्या दुकानातलं स्पिरिट कापसाच्या काडीने लावलं तरी भागतं.

मुंग्या राहिल्या तर मेहनत पाण्यात. पिठ्याचा गोड चिकटा त्यांना हवा असतो, त्यासाठी त्या त्याच्या शत्रूंना हुसकावतात. कुंडी स्टँडवर ठेवून पायांखाली पाण्याच्या वाट्या द्या आणि फांदी ग्रिलला टेकू देऊ नका, नाहीतर मुंग्यांना पूल मिळतो. त्याच चिकट्यावर काळी काजळी चढते. तिच्यासाठी बुरशीनाशक आणू नका, किडा गेला की ती ओल्या फडक्याने पुसून निघते.

पांढऱ्या झालरीचा, पण पिठ्यापेक्षा बराच मोठा आणि भराभर चालणारा किडा दिसला तर मारू नका. ती क्रिप्टोलेमस या भुंगेऱ्याची अळी, पिठ्या खाणारी. ती असेल तर त्या कुंडीला फवारणी नको.

गुलाबावर भुरीसाठी (पानांवरची पांढरी बुरशी) गंधक मारलं असेल तर पुढचे तीन आठवडे तेल बंद, दोन्ही मिळून पानं जाळतात. फर्न आणि पांढरट लव असलेल्या सक्युलंटवर तेल नकोच. तुळस, कढीपत्ता नुसत्या पाण्याने धुवा. दुकानदार ‘हेच घ्या, एकदम साफ’ म्हणून इमिडाक्लोप्रिड हे रासायनिक कीटकनाशक पुढे करतो, पण ते झाडाच्या रसात भिनतं, फुलांतही उतरतं. जास्वंदीवर मधमाश्या आणि शिंजीर येत असतील तर ते नको. खायच्या पानांवर तर विषयच संपला.

वर सगळं स्वच्छ असूनही अडेनियम किंवा निवडुंग सुकत असेल तर कुंडी उपडी करून मुळं बघा. तिथे पांढरी पूड दिसली तर तो मुळांवरचा पिठ्या; जुनी माती टाकून द्यायची, मुळं धुवून, सावलीत वाळवून नव्या मातीत लावायची. फवारणी संपली की पंपातून गरम साबणपाणी काढायचं. तेल आत राहिलं तर ते घट्ट होतं आणि पुढच्या आठवड्यात नोझल टाचणीने टोचत बसावं लागतं.