काकांना ब्लफ मारू नये

काल पणजीत होतो. मांडवीतल्या कसिनोच्या बोटीवर पोकर खेळायला १००-२०० च्या टेबलाला (डावाआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या रकमा) पाच तास बसलो.

गाढवपणा पहिल्याच तासात केला. फ्लशला (इस्पिक, बदाम अशा एकाच प्रकारची पाच पानं) एक पान हवं होतं, रिव्हरला, म्हणजे शेवटच्या उघड्या पानाला, भलतंच आलं. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १२,००० होते, मी थाप मारत ८,००० सरकवले. हिशोब तोंडपाठ आहे हो: दहातून चारदा समोरचा पत्ते टाकून पळाला की बरोबरी, त्यावर सगळा फायदा. पण समोर फुलाफुलांच्या शर्टातले काका, ज्यांनी संध्याकाळपासून साधी दुर्रीची जोडीसुद्धा टाकली नव्हती! काजू चघळत कॉल केला, म्हणजे तेवढेच पैसे लावून पत्ते बघायला मागितले. नव्वांची जोडी. म्हणे, "बघायला तर पाहिजे ना."

मग तीन तास गप्प. नुसते पत्ते टाकले.

शेवटी एक जागा सापडली. बोर्डवर तीन इस्पिक, माझ्या हातात इस्पिकचा एक्का, दुसरं पान रद्दी. एक्का माझ्याकडे म्हणजे सगळ्यात मोठा फ्लश त्याच्याकडे असूच शकत नाही. समोर हेडफोनवाला पोरगा, आधी दोनदा रिव्हरच्या बेटला पळालेला. फ्लॉपपासून (पहिली तीन उघडी पानं) मीच बेट लावत आलो होतो, त्यामुळे थाप पटण्यासारखी होती. त्याने चिप्स उचलल्या, ठेवल्या, परत उचलल्या. मी टेबलाच्या कापडावरचा चहाचा डाग बघत बसलो.

फोल्ड. पत्ते टाकले त्याने.

काकांकडे गेलेले आठ हजार काही पूर्ण निघाले नाहीत. परतीच्या होडीत तेच शेजारी. "त्या पोराला फ्लश दाखवलास ना रे? खरा होता?"

"हो काका."